तुझा तासाचा रेट काय?

परवा एका मित्राचा फोन आला. हा माझ्यासारखाच, पुण्यात शिकलेला आणि इथे मिनेसोटात येऊन कोडवर पोट भरणारा. जूनमध्ये त्याने होडी घेतली. १९ फुटी, सेकंडहँड, आत ४.३ लिटरचं व्ही-६ इंजिन. उन्हाळाभर पोरांना ट्यूबवर बसवून लेक मिनेटोंकात फिरवलं, पाहुण्यांना मिरवलं, फोटो काढले. आता ऑक्टोबर आला, सकाळी गाडीच्या काचेवर पांढरं दिसायला लागलं आणि साहेबांना प्रश्न पडला.

"अरे, इंजिन हिवाळ्यासाठी बंद करायचंय. तू स्वतः करतोस ना? किती वेळ लागतो?"

"पहिल्या वर्षी अख्खा शनिवार. नंतर चार-साडेचार तास."

"आणि यार्डवाला किती घेतो?"

"साडेचारशेच्या आसपास सांगेल."

मग तो थोडा वेळ गप्प. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. आलंच.

"तुझा तासाचा रेट काय रे?"

मंडळी, या एका वाक्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. गवत कापायचं असो, भिंत रंगवायची असो, पोराची सायकल दुरुस्त करायची असो, आमच्या लोकांचं हे उत्तर तयार असतं. पगाराला दोन हजार ऐंशी तासांनी भागायचं, जो आकडा येईल तो छातीवर बिल्ल्यासारखा लावायचा, आणि त्या आकड्याहून स्वस्त माणूस मिळाला की काम त्याच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं. याला म्हणे अर्थशास्त्र कळणं म्हणतात. मी म्हणतो हे अर्थशास्त्र नाही, अंकगणितसुद्धा धड नाही. आणि होडीच्या इंजिनाच्या बाबतीत तर हा हिशोब सरळ सरळ चुकीचा आहे. कसा ते सांगतो. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. गाडीच्या इंजिनात कूलंट बंद चक्रात फिरतो, तो गोठत नाही. आमच्यासारख्या बऱ्याचशा होड्यांचं इंजिन मात्र तळ्यातलंच पाणी खेचतं, आपल्या अंगाखांद्यावरून फिरवतं आणि धुराबरोबर मागे टाकून देतं. म्हणजे होडी बाहेर काढली तरी इंजिनाच्या पोटात तळ्याचं पाणी शिल्लक असतंच. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बिडाचं लोखंड फुगत नाही, ते तडकतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनिॲपोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तेवढ्या थंडीची गरजही नाही. दोन-तीन कडक रात्री पुरतात. आणि आपल्याला सवड मिळेपर्यंत हवामान थांबत नाही. माझे शेजारी आजोबा अजून १९९१ च्या हॅलोविनच्या वादळाबद्दल सांगतात. ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला तो तीन दिवसांत ट्विन सिटीजमध्ये २८ इंचांवर गेला. ज्यांनी "पुढच्या वीकेंडला बघू" म्हटलं त्यांचा पुढचा वीकेंड एकदम एप्रिलात उजाडला असणार :-)

हे पाणी काढणं, तेल बदलणं, इंधनाची व्यवस्था लावणं, या सगळ्याला इथे विंटरायझेशन म्हणतात. कोकणातल्या माणसाला मात्र नवा शब्द लागत नाही. पावसाळ्याआधी होडी शाकारतात, तसंच हे. फक्त वैरी वेगळा. तिथे पाऊस, इथे बर्फ.

आता माझी गोष्ट. २०१४ साली मी माझी होडी घेतली तेव्हा मीसुद्धा तासाच्या रेटवालाच होतो. ऑक्टोबरमध्ये ट्रेलर जोडून होडी एका यार्डात नेली, काउंटरवर चावी दिली, ३७५ डॉलर भरले आणि घरी येऊन मॅच बघत बसलो. त्या पाच तासांचा रेट मात्र मी कधी काढला नाही. का बरं? असो.

मे २०१५. पाण्यात उतरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, मी खूश. अर्ध्या तासाने तापमानाचा काटा चढायला लागला. किनाऱ्याला लावून तेलाची काडी काढली तर तिच्यावर तेलाऐवजी दुधाचा चहा. तेलात पाणी. ब्लॉक आतून तडकलेला. दुसऱ्या एका मेकॅनिकने इंजिन उघडून मला दाखवलं, तडा जेमतेम चार बोटांचा होता. आणि उजव्या बाजूच्या निचऱ्याच्या भोकात गंजाचा, वाळूचा एक गोळा घट्ट बसलेला. यार्डातल्या पोराने प्लग काढला होता, यात शंका नाही. प्लग काढला, चमचाभर पाणी आलं, त्याला वाटलं रिकामं झालं. आत वाटी-दोन वाट्या पाणी तसंच राहिलं. माझ्या बिलावर "ब्लॉक रिकामा केला" यापुढे टिकमार्क होती. खोटी म्हणता येणार नाही अशी टिकमार्क.

पुढचं थोडक्यात सांगतो. यार्डच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की नुकसान झाल्यास जबाबदारी सेवेच्या किमतीपुरतीच. त्यांनी सौजन्य म्हणून ३७५ डॉलर परत दिले. विमा कंपनीने पॉलिसीचं पान काढून दाखवलं, बर्फाने आणि गोठण्याने झालेलं नुकसान वगळलेलं. (तुमची पॉलिसी आज रात्रीच काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी हे कव्हर वेगळं घ्यावं लागतं.) नवं इंजिन बसवायला मला ६,४०० डॉलर पडले. म्हणजे सतरा हिवाळ्यांचे पैसे एका हिवाळ्यात गेले. शिवाय अर्धा उन्हाळा होडी घरासमोर ताडपत्रीखाली.

आता त्या रेटच्या हिशोबाकडे वळू.

पहिली गोष्ट. शनिवारचा तास विकला जात नाही. आपण पगारदार माणसं. शनिवारी चार तास जास्त बसलो तर कंपनी "वा, छान" म्हणते, चेक देत नाही. जो तास कुणी विकत घेत नाही त्याला रेट कसला? विहिरीतल्या पाण्याला बिसलेरीचा भाव लावून "अंघोळ परवडत नाही" म्हणण्यातला हा प्रकार.

दुसरी गोष्ट. यार्डात नेणं फुकट नसतं. आठ दिवस आधी फोन, नंबर लावणं, ट्रेलर जोडणं, नेणं, परत आणणं. माझे त्यात साडेतीन तास गेले होते. स्वतः करायला लागतात साडेचार. म्हणजे भांडण चालू आहे ते एका तासासाठी!

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. रेटच्या हिशोबात काम म्हणजे काम, कुणीही केलं तरी तेच, असं धरलेलं असतं. ते तेच नसतं. यार्डातला मुलगा वाईट नव्हता. मी त्याला पाहिलं होतं, एकोणीस-वीस वर्षांचा, हात तेलाने काळे, मागे रांगेत तीसेक होड्या. त्याला प्रत्येक होडीला ठरावीक वेळ मिळतो. भोकात वायर घालून बघायला दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं त्याला कुणी देत नाही. आणि चूक झाली तर ती कळणार मे महिन्यात, तोवर तो कॉलेजला गेलेला असणार. चुकीचा खर्च मला, चुकीची खबर कुणालाच नाही. अशा ठिकाणी काम सुधारणार कसं?

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय? कारण तो पोरगा मी होतो.

करिअरची पहिली चार वर्षं मी पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या लोकांची सॉफ्टवेअरं सांभाळली. टाइमशीट भरायची, तिकीट बंद करायचं, पुढचं उघडायचं. समोरच्या माणसाने "तासाचा रेट" काढला होता आणि त्यात मी स्वस्त पडत होतो. मी कामचुकार नव्हतो. पण सांगितलेला प्लग काढायचो आणि टिकमार्क करायचो. आत काय तुंबलंय ते बघायला ना कुणी वेळ देत होतं, ना ते माझं होतं. सहा महिन्यांनी काय फुटलं ते मला कधी कळलं नाही, मी तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर. २०१५ च्या मे महिन्यात ती चहाच्या रंगाची काडी हातात धरून उभा असताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण केलेल्या एखाद्या "पूर्ण" कामामुळे कोणीतरी असाच उभा राहिला असेल. त्या दिवसापासून यार्डातल्या पोरावरचा राग गेला आणि तासाच्या रेटवरचा सुरू झाला.

माझा मुद्दा एवढाच. ज्याचं इंजिन आहे त्याने निदान एक हिवाळा ते स्वतःच्या हाताने बंद करावं. पुढच्या वर्षी खुशाल माणूस लावा. पण पहिला हिवाळा तुमचा.

काम काय आहे ते ऐका, म्हणजे त्यात राक्षस नाही हे कळेल. हे माझ्या इंजिनाचं, तुमचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

१. टाकीत स्टॅबिलायझर घालायचं आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून घरात जाणारे खूप आहेत. घरासमोर चालवत असाल तर ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या जाळीवर रबरी कानटोप्या लावून बागेचा पाइप जोडा. पाण्याशिवाय एक मिनिटही चालवू नका, पंपातलं रबरी चक्र जळतं.

२. इंजिन गरम असतानाच तेल आणि फिल्टर बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, त्यात बेअरिंगं सहा महिने भिजत ठेवायची नाहीत. माझ्या इंजिनाला चार-साडेचार क्वार्ट लागतं.

३. इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरमध्ये फॉगिंग ऑइल फवारा, शेवटी इतकं की ते गुदमरून बंद पडेल. धूर पाहून शेजारी बाहेर येतील, हात करा. (फ्युएल इंजेक्शन असेल तर पद्धत वेगळी, मॅन्युअल बघा.)

४. आता खरं काम. निचऱ्याच्या पाच जागा: ब्लॉकच्या दोन बाजूंना एकेक, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना एकेक, आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाचा खालचा जाड होज. पाचही उघडा. आणि प्रत्येक भोकात वायर घाला. पाणी येत असलं तरी घाला, येत नसलं तर नक्कीच घाला. मी जुन्या कपड्याच्या हँगरची तार वापरतो, तिची किंमत शून्य. माझ्या ६,४०० डॉलरचं सार त्या तारेत आहे.

५. ड्राइव्हचं गिअर ऑइल खालचा प्लग काढून सोडा. ते दुधाळ दिसलं तर सील गेलंय, आत पाणी आहे आणि हिवाळ्यात केसिंग फुटणार. हे ऑक्टोबरमध्ये कळलं तर सीलचा खर्च, मेमध्ये कळलं तर ड्राइव्हचा. नवं तेल खालून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग ड्राइव्ह खाली सोडून ठेवा, उरलंसुरलं पाणी आपोआप निथळतं.

६. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडं खालीच गोठते, भरलेली मिनेसोटाच्या थंडीलाही दाद देत नाही.

होडीच्या तळाचा प्लग मी यात धरलाच नाही, कारण तो पाण्याबाहेर आल्याबरोबर काढायचा असतो. प्लग काढून, पाणी सांडूनच होडी रस्त्यावर आणायची असा मिनेसोटाचा कायदा आहे. लेक मिनेटोंकात २०१० साली झेब्रा शिंपले सापडले, ते एका तळ्यातून दुसऱ्यात असेच पाण्यातून जातात.

झालं. सहा कामं. यातलं एकही काम, सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये आपण जे करतो त्याहून अवघड नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूच्या लोकांबद्दल, कारण "स्वतः करतो" म्हणणाऱ्यांतही एक जमात आहे. त्यांची पद्धत: बादलीत पाच-सहा गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ घ्यायचं, कानटोप्यांतून इंजिनाला पाजायचं, मागून गुलाबी पाणी बाहेर आलं की "झालं!" म्हणून हात झटकायचे. वीस मिनिटांत काम, वर यार्डवाल्यांची टिंगल.

या लोकांना मला एकच विचारायचंय. थर्मोस्टॅट उघडला होता का? इंजिन साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो उघडत नाही. बंद असताना ते गुलाबी पाणी ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून बाहेर जातं. बाहेर गुलाबी, आत तळं! आणि उघडला असला तरी आत आधीचं पाणी आहेच, त्यात मिसळून ते पातळ होतं. डब्यावरचा उणे ५० चा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, न मिसळलेल्या द्रवाचा असतो, आणि त्याचा अर्थ तेवढ्या थंडीत पाइप फुटणार नाही एवढाच. त्याच्या खूप आधी त्याचा बर्फाचा चिखल झालेला असतो. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात माहीत आहे ना? काहीही न तपासणारी आणि दरवेळी हिरवी होणारी टेस्ट. तशी टेस्ट नसलेली बरी, कारण मग निदान झोप तरी उडते. अँटीफ्रीझ घालायचंच असेल तर आधी सगळं पाणी काढा, मग होजमधून वरून ओता. मी तसंच करतो, आतून गंज कमी धरतो म्हणून. पण जीव वाचवतो तो निचरा.

म्हणजे स्वतः केलं की बरोबरच होतं असं मी म्हणत नाहीये. माझंही चुकलंय. पहिल्या वर्षी पाच प्लग काढले, डब्यात ठेवले आणि डबा गॅरेजमधल्या कुठल्यातरी फळीवर. एप्रिलमध्ये घरासमोर पाइप जोडून इंजिन सुरू केलं तर दोन्ही बाजूंनी कारंजं, बिल्जमध्ये घोटाभर पाणी. चारच प्लग बसवले होते. बायको खिडकीतून बघत होती. पण एक बघा, ही चूक मला तीन मिनिटांत कळली, घराच्या दारात कळली, आणि पुन्हा कधी झाली नाही. त्या दिवसापासून प्लग एका पिशवीत आणि पिशवी स्टिअरिंगला बांधलेली. पिशवी सोडल्याशिवाय चावी लागतच नाही.

पिशवीबरोबर एक कागदही असतो. कामांची यादी, प्रत्येकासमोर चौकोन. यादीला हसू नका. ३० ऑक्टोबर १९३५ ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक अतिशय अनुभवी होता, फक्त एक लॉक काढायचं राहून गेलं होतं. त्यातून वैमानिकांची चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून नावाजलं. आपले अतुल गावंडे यांनी 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९) मध्ये हे ऑपरेशन थिएटरपर्यंत नेऊन दाखवलंय. सर्जन यादी वाचतात, तर आपल्याला लाज कसली? पण माझ्या यादीत एक गोष्ट यार्डच्या यादीहून वेगळी आहे. तिथे "ब्लॉक रिकामा केला" असं लिहिलेलं होतं. माझ्याकडे लिहिलंय, "उजवं भोक: तार किती आत गेली?" आणि पुढे टिकमार्कऐवजी इंचांचा आकडा लिहायचा. आकडा लिहायचा तर तार घालावीच लागते.

"म्हणजे माणूस लावायचाच नाही का?" लावा ना. इंजिन नवं असेल आणि वॉरंटीसाठी पावती लागत असेल तर लावा. पाठ धरली असेल, गुडघे दुखत असतील, तर इंजिनाच्या खोलीत उलटं लोंबकळायची हौस करू नका. दोन-दोन मोठी इंजिनं, जनरेटर, पिण्याच्या पाण्याच्या लाइनी असलेली होडी असेल तर तो खरोखर जाणकाराचा प्रांत. आणि मागे लटकणारं आउटबोर्ड इंजिन असेल तर हा प्रश्नच निम्मा सुटतो. ते उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप निथळतं, त्याच्यासाठी साडेचारशे देणं म्हणजे दान आहे.

एक मात्र. पैसे वाचवायचे म्हणून स्वतः करत असाल तर करू नका. पहिल्या वर्षी तेल ओढायचा पंप, गिअर ऑइलचा पंप, कानटोप्या, तेल, फिल्टर, सगळं मिळून माझे तीनशेच्या वर गेले. पहिल्या वर्षी बचत जवळजवळ शून्य. पैशासाठी करणारा माणूस घाई करतो, आणि घाई करणाऱ्यात आणि तीस होड्यांच्या रांगेतल्या पोरात काही फरक नाही. स्वतः करायचं ते बघण्यासाठी. एकदा पाचही भोकं पाहिलीत, एकदा तार घातलीत, की मग पुढच्या वर्षी यार्डाच्या काउंटरवर तुम्ही वेगळे गिऱ्हाईक असता. "उजव्या बाजूला गंज धरतो, तार घालून बघाल का? मी थांबतो" असं म्हणता येतं. हे वाक्य साडेचारशे डॉलरमध्ये मिळत नाही.

लहानपणी मे महिन्यात आम्ही हर्णैला जायचो. बंदर आवरायला लागलेलं असायचं. होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या. इंजिनाला मिस्त्री बोलवायचेच, सगळ्यांना सगळं येत होतं असं काही नव्हतं. पण मिस्त्री इंजिन खोलायचा तेव्हा होडीचा मालक विडी ओढत तिथेच बसलेला असायचा. "ह्यो नट नवा घाल," "त्यात रेती हाय बघ." पुढे नारळी पौर्णिमेनंतर त्याच इंजिनाच्या भरवशावर त्याला समुद्रात जायचं होतं. चावी काउंटरवर ठेवून निघून गेलेला मालक मी तिथे एकही पाहिला नाही. त्यांना कुणी तासाचा रेट विचारला असता तर काय म्हणाले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि हे फक्त उत्तरेतल्यांचं दुखणं आहे असंही समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात घराघरांतले पाइप फुटले. जिथे थंडी क्वचित येते तिथे तयारी नसते, आणि बर्फाला तुमचा पिनकोड कळत नाही.

मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बरं बाबा, कळलं. मग तू येतोस का शनिवारी? तूच करून दे ना!"

घ्या! मी नवा यार्डवाला :-)

येणार आहे मी. नऊ वाजता. तारसुद्धा माझ्याकडची नेणार आहे. पण ती भोकात त्यानेच घालायची, आणि किती इंच गेली ते त्यानेच लिहायचं. मी बाजूला खुर्ची टाकून बसणार. चहा वहिनी देतीलच. माझा रेट तेवढाच आहे.